कोट्यवधींच्या गाडीवर ज्याचं नाव आहे, त्या अनाथ पोराने जगाच्या गाड्या थंड ठेवल्या

मे महिन्याची दुपार. कसारा घाट म्हणा किंवा खंडाळा, एक सीन हमखास दिसतो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, बोनेट उघडं, आतून वाफ निघतेय. मागच्या सीटवरची मंडळी खाली उतरून झाडाची सावली शोधतायत आणि ड्रायव्हर हातात पाण्याची बाटली घेऊन विचारात पडलाय, की झाकण उघडू का नको?

(नको. पण त्याबद्दल पुढे बोलूच.)

गाडी गरम होणं ही आपल्याला किरकोळ कटकट वाटते. पण साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न मोटारगाडीच्या मानगुटीवर बसला होता. इंजिन तयार झालं होतं, चाकं होती, पेट्रोल होतं. पण जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की ते इतकं तापायचं, की त्याला थंड ठेवायला पाण्याचा साठा बरोबर घेऊन फिरावं लागायचं.

हा प्रश्न ज्या माणसाने सोडवला, त्याचं आडनाव तुम्ही रील्समध्ये नक्की पाहिलंय. एखाद्या सेलिब्रिटीने नवी गाडी घेतली की बातमी येते, अमक्याने मेबॅक घेतली. ते मेबॅक म्हणजे जर्मन उच्चारात मायबाख. विल्हेल्म मायबाख.

आणि हा माणूस गर्भश्रीमंत वगैरे अजिबात नव्हता. तो अनाथाश्रमात वाढला होता.

9 फेब्रुवारी 1846 रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावात एका सुताराच्या घरी विल्हेल्मचा जन्म झाला. पाच भाऊ. पुढे कुटुंब स्टुटगार्टला आलं. पण पोरं लहान असतानाच आधी आई गेली, मग वडील गेले. नातेवाइकांनी मुलांना कुणीतरी सांभाळावं म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली.

ती जाहिरात रॉयटलिंगेन गावातल्या एका संस्थेपर्यंत पोहोचली. गुस्टाव्ह वेर्नर नावाचे धर्मोपदेशक ही संस्था चालवायचे. अनाथ आणि गरीब मुलांना नुसतं जेवण आणि छप्पर देऊन भागत नाही, हातात काम पाहिजे, असं त्यांचं मत होतं. म्हणून संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. पोराचा हात ड्रॉइंगमध्ये चांगला आहे हे वेर्नर यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला कारखान्याच्या डिझाइन विभागात घातलं. दिवसा काम आणि जोडीला गावातल्या शाळेत गणित, भौतिकशास्त्राचे जादा वर्ग.

1860च्या दशकात या कारखान्यात नवा मॅनेजर आला. मायबाखपेक्षा 12 वर्षांनी मोठा. नाव गॉटलिब डाइमलर.

इथून पुढची 35 वर्षं ही जोडी फुटली नाही. डाइमलर कार्ल्सरूहला गेले, मायबाख त्यांच्या मागे गेले. डाइमलर कोलोनजवळच्या डॉयट्झ कंपनीत गेले, मायबाख तिथेही गेले आणि मुख्य डिझायनर झाले. याच डॉयट्झमध्ये निकोलाउस ऑटो यांचं 1876 चं फोर स्ट्रोक इंजिन जन्माला आलं. आज आपल्या स्कूटरपासून ट्रकपर्यंत जवळपास सगळी इंजिनं त्याच तत्त्वावर चालतात. मायबाख यांचं लग्नसुद्धा डाइमलर यांच्या पत्नीच्या मैत्रिणीशी झालं. म्हणजे नोकरी, घर, मैत्री, सगळंच एकमेकांत गुंतलेलं.

1882 मध्ये डाइमलर यांचं ऑटोंशी बिनसलं आणि त्यांनी कंपनी सोडली. मायबाख पुन्हा मागोमाग. या वेळी मुक्काम स्टुटगार्टजवळचं कान्स्टाट. डाइमलर यांनी तिथे बंगला घेतला होता आणि बंगल्याच्या बागेतल्या काचेच्या घरात दोघांनी वर्कशॉप थाटलं.

इथला एक किस्सा फार सांगितला जातो. दोन माणसं दार लावून रात्रंदिवस आत ठोकाठोकी करतायत, हे बघून माळ्याला संशय आला, की हे खोट्या नोटा-नाणी पाडतायत. त्याने पोलिसांना कळवलं. पोलिस मालकांच्या गैरहजेरीत आत शिरले आणि त्यांना सापडली फक्त हत्यारं आणि इंजिनाचे सुटे भाग!

आत चाललं होतं ते खोट्या नाण्यांपेक्षा भारी होतं. त्या काळातली इंजिनं मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे मारायची, वजनाला अवाढव्य आणि कारखान्यात एका जागी बसवलेली. या दोघांनी 1885 पर्यंत मिनिटाला सहाशे फेरे मारणारं छोटं, हलकं, उभं इंजिन बनवलं. ते भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं दिसायचं म्हणून त्याचं नावच पडलं आजोबांचं घड्याळ. हेच इंजिन त्यांनी लाकडी दुचाकीवर बसवलं. जगातली पहिली पेट्रोलवरची मोटारसायकल म्हणतात ती हीच.

आता थोडं थांबून गाभ्याचा मुद्दा समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा ढोबळमानाने त्यातली एक तृतीयांश ऊर्जाच चाकं फिरवायच्या कामी येते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून गरम धूर होऊन जाते. उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या लोखंडात उष्णता म्हणून शिरते. ही शेवटची उष्णता बाहेर काढली नाही तर ऑइल जळतं, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन बसतं. थोडक्यात काय, इंजिन जितकं ताकदवान, तितकी जास्त उष्णता फेकून द्यावी लागणार.

त्या घड्याळासारख्या इंजिनाची ताकद होती जेमतेम अर्धा अश्वशक्ती. तिथे हवेवर भागून जायचं. पण गाडी मोठी झाली की पाणी आलं.

पाण्याचा तेव्हाचा प्रकार कसा होता बघा. कार्ल बेंझ यांच्या गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी सरळ उकळून वाफ होऊन उडून जायचं. उडालं की पुन्हा भरा. ऑगस्ट 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. शंभर किलोमीटरचा प्रवास. नवऱ्याला न सांगता गाडी काढली म्हणून हा किस्सा प्रसिद्ध आहे, पण त्यांना वाटेत सतत थांबून पाणी भरावं लागलं हे कमी सांगितलं जातं. थोडक्यात, घाटात बाटली घेऊन उभ्या असलेल्या आपल्या ड्रायव्हरची ती पहिली आजी.

मायबाख यांनी 1889 मध्ये वेगळीच शक्कल लढवली. त्यांनी पोलादी नळ्यांची गाडी बनवली, दिसायला दोन सायकली शेजारी-शेजारी जोडल्यासारखी. आणि इंजिनाचं गरम पाणी त्यांनी या फ्रेमच्या नळ्यांमधूनच फिरवलं. म्हणजे गाडीचा सांगाडा हाच रेडिएटर! ही गाडी त्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. त्याच प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभा राहिला होता, त्यामुळे गर्दीची नजर कुठे होती ते वेगळं सांगायला नको.

दीड अश्वशक्तीच्या इंजिनाला ही युक्ती पुरली. दहा-वीस अश्वशक्तीला पुरणार नव्हती.

मध्ये एक कडवट वळण आलं. 1890 मध्ये पैसेवाल्या भागीदारांना घेऊन डाइमलर कंपनी स्थापन झाली, ज्याला डीएमजी म्हणायचे. भागीदारांनी मायबाख यांना जो करार देऊ केला तो त्यांना पटला नाही. 1891 च्या फेब्रुवारीत त्यांनी कंपनी सोडली. पण डाइमलर यांनी मित्राला सोडलं नाही. कान्स्टाटमधल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये मायबाख यांचं काम सुरू राहिलं. पेट्रोल बारीक फवाऱ्याने हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर त्यांनी तिथेच बनवला. 1895 मध्ये डीएमजीला दोघांनाही परत बोलवावं लागलं. मायबाख तांत्रिक प्रमुख झाले.

आणि आता ते पुन्हा उष्णतेच्या मागे लागले.

1897 मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर बनवला. पाण्याच्या पेटीतून अनेक बारीक नळ्या आरपार काढल्या, त्यातून हवा जायची. मागे पंखा, म्हणजे गाडी हळू चालली तरी हवा ओढली जाईल. आजही बोनेट उघडलं की रेडिएटरमागे पंखा दिसतो, ती कल्पना हीच. पाणी उडून न जाता पुन्हा पुन्हा फिरत राहिलं. तरीही डाइमलरच्या फिनिक्स गाडीला जवळपास 18 लिटर पाणी लागायचं. म्हणजे गाडीत कायमची 18 किलोची गोणी.

मग 1900 साल आलं. सगळं एकदम घडलं.

6 मार्चला डाइमलर गेले. 30 मार्चला फ्रान्समध्ये नीसजवळच्या ला तुर्बी घाटातल्या शर्यतीत डीएमजीचा चालक विल्हेल्म बाउअर अपघातात मेला. गाडी आखूड, उंच आणि पुढून जड होती. आता रेसिंग बंद करावी असा कंपनीत सूर निघाला.

पण नीसमध्ये एमिल येलिनेक नावाचा श्रीमंत व्यापारी होता. वेगाचं वेड असलेला, डीएमजीच्या गाड्या बड्या लोकांना विकणारा. त्याचं म्हणणं उलटं होतं. गाडी लांब करा, रुंद करा, जमिनीलगत आणा, इंजिन जास्त ताकदीचं द्या. अशा 36 गाड्यांची ऑर्डर त्याने दिली, साडेपाच लाख गोल्ड मार्कची. अट एकच, नाव माझ्या मुलीचं पाहिजे. मुलीचं नाव मर्सिडीज.

गाडी बनवायची होती मायबाख यांना. पाठीशी डाइमलर नव्हते. इंजिन 35 अश्वशक्तीचं आणि वजन तर कमी करायचं होतं. जुना रेडिएटर लावला असता तर पाण्याच्या ओझ्यानेच गाडी हरली असती.

मायबाख यांनी गोल नळ्या काढून टाकल्या आणि 6 बाय 6 मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या घेतल्या. किती? 8,070. त्या एकमेकींना चिकटवून, डाग देऊन एका चौकटीत बसवल्या. समोरून बघितलं तर मधमाश्यांचं पोळं, म्हणूनच त्याला हनीकोंब रेडिएटर म्हणतात. प्रत्येक नळीतून वारा आरपार जायचा आणि दोन नळ्यांच्या मधल्या बारीक फटीतून पाणी वाहायचं. पाण्याचा थर इतका पातळ की वाऱ्याचा स्पर्श जवळपास सगळ्या पाण्याला व्हायचा. चहा कपातून बशीत ओतला की लवकर निवतो ना? तेच.

पाणी लागलं फक्त 9 लिटर. निम्मं.

मार्च 1901 च्या नीसच्या स्पर्धांमध्ये ही गाडी उतरली आणि बाकीच्यांची घोडागाडीला इंजिन लावल्यासारखी वाहनं एका आठवड्यात जुनी झाली. गाडीचं नाक म्हणून समोर रेडिएटर, त्यामागे इंजिन, हा आज आपल्याला जो गाडीचा चेहरा वाटतो, तो तिथून रुळला. फ्रेंच लोक मायबाख यांना डिझायनरांचा राजा म्हणू लागले.

इथे एक गोष्ट तुमच्या-आमच्या गाडीसाठी कामाची आहे. रेडिएटरमधल्या वाटा बारीक झाल्या तेव्हाच त्यात काय ओततो याला महत्त्व आलं. बोअरचं जड पाणी तापलं की कुकरच्या तळाला बसतो तसा पांढरा थर धरतं. तो मोठ्या टाकीत चालून जातो, मिलिमीटरभर फटीत नाही. शिवाय पाण्याने गंज चढतो आणि थंड देशांत पाणी गोठून फुगतं, धातू फोडतं.

मायबाख यांच्याकडे याला पाण्याशिवाय फारसा उपाय नव्हता. गंमत म्हणजे रसायन अस्तित्वात होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ यांनी 1850च्या दशकात इथिलीन ग्लायकॉल बनवलं होतं. पण ते गाडीत पोहोचायला 1920चं दशक उजाडलं. आज आपण ज्याला कूलंट म्हणतो ते मुख्यतः हेच ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. निम्मं-निम्मं मिश्रण केलं तर ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं.

म्हणून महाराष्ट्रात कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद पोकळ आहे. आपल्याला ते न गोठण्यासाठी नाही, न उकळण्यासाठी आणि न गंजण्यासाठी हवंय.

आणि ते कायम टिकत नाही. ग्लायकॉल तसंच राहतं, पण गंज रोखणारी रसायनं वापरून संपतात. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण दोन वर्षांत बदलतात, नव्या प्रकारचं पाच वर्षांपर्यंत चालतं. तुमच्या गाडीला कोणतं, हे तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हा कंपन्यांचा आपापला मामला आहे, रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नाही. दोन प्रकार एकत्र केले तर गाळ धरू शकतो.

घरी पाहायचं तर इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. प्लास्टिकच्या टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. वारंवार खाली जात असेल तर टॉप-अप करून विषय सोडू नका, कुठेतरी गळतंय. कूलंट तपकिरी, गढूळ दिसलं तर बदलायची वेळ झाली. बदलताना जुनं खालून काढतात, शुद्ध पाण्याने आतून धुतात, नवं भरतात आणि मग हीटर चालू ठेवून इंजिन चालवतात, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. ही हवा काढायची पायरी घाईत गाळली तर नवं कूलंट भरूनही गाडी गरम होते. माझ्या ओळखीतल्या एकाने हे अनुभवलंय, तेही सर्व्हिसिंगचे पूर्ण पैसे देऊन. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता तो घाटातला ड्रायव्हर. त्याने झाकण का उघडू नये? कारण आतलं मिश्रण दाबाखाली असतं. दाबामुळेच ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर फुल (हो, मे महिन्यातसुद्धा, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच), गाडी बाजूला, इंजिन बंद आणि निदान अर्धा तास धीर. पाइप हाताला थंड लागेपर्यंत झाकणाला हात नाही.

परत कान्स्टाटला जाऊ, कारण गोष्टीचा वाईट भाग राहिलाय.

इतकी गाजलेली गाडी बनवल्यावर मायबाख यांना कंपनीत डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं. झालं उलटं. डाइमलर नसताना त्यांची बाजू घेणारं वर कुणी उरलं नाही. नव्या कारभाऱ्यांनी त्यांना हळूहळू रोजच्या डिझाइनच्या कामातून बाजूला केलं, नवे शोध लावा म्हणून वेगळं बसवलं. ज्याने ऑफिसमधलं राजकारण पाहिलंय त्याला याचा अर्थ कळेल. 1907 मध्ये 61 वर्षांच्या मायबाख यांनी डीएमजी कायमची सोडली. त्यांच्या जागी आले डाइमलर यांचे पुत्र पाउल.

ते स्वस्थ बसले नाहीत. त्या काळात काउंट झेपेलिन यांची अवाढव्य हवाई जहाजं उडायला लागली होती आणि त्यांना खात्रीची इंजिनं हवी होती. मायबाख यांनी आपला मुलगा कार्ल याचं नाव पुढे केलं. 1909 मध्ये झेपेलिन यांच्याबरोबर नवी कंपनी निघाली. तांत्रिक सूत्रं कार्लकडे, वडील सल्लागार. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमान-इंजिनं बनवायला बंदी आली, तेव्हा कार्लने मोर्चा गाड्यांकडे वळवला. 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा गाडीवर मायबाख हे नाव झळकलं. तेव्हा विल्हेल्म 75 वर्षांचे होते. तोवर त्यांनी बनवलेल्या गाड्यांवर नाव होतं ते डाइमलर यांचं, किंवा येलिनेकच्या मुलीचं.

29 डिसेंबर 1929 रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचं निधन झालं. कान्स्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहेत, तिथेच त्यांनाही पुरलं.

दुसऱ्या महायुद्धात मायबाख गाड्या बंद पडल्या. 1960च्या दशकात कार्लची कंपनी विकत घेतली ती डाइमलर-बेंझने, म्हणजे ज्या कंपनीने विल्हेल्म यांना बाजूला सारलं होतं तिच्याच वारसदाराने. 2002 मध्ये तिने मायबाख हे नाव आपल्या सगळ्यात महाग गाड्यांवर परत आणलं. 2015 पासून त्यातलं एक मॉडेल पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात जोडलं जाऊ लागलं. त्याच्याही बोनेटखाली पुढच्या बाजूला रेडिएटर आहे आणि त्यात कूलंट आहे.